मागच्या पानावरचे अभिप्राय

गांधीबागेतल्या आमच्या वाचनालयाचा कारकून रहस्यकादंबरी परत आली की आधी मागचं कोरं पान उघडायचा. वाचक तिथे पेन्सिलीने अभिप्राय लिहीत. कुणी खुन्याचं नाव फोडलं असेल, तर हा रबराने खोडायचा. "खुनी कोन, हे कोनीबी सांगते. तो मानूस तसा काहून झाला, ते लिवा ना!"

मी तेव्हा कामगार संघटनेची पत्रकं लिहायचो आणि असल्या पुस्तकांना अफू म्हणायचो. तो हसायचा, "तुह्या पत्रकात मानसं कुठं आहेत गा?"

त्या उन्हाळ्यात वाचनालयासमोर एका हवालदाराने चोरीच्या नुसत्या संशयावरून हमालाला बडवलं. हमाल मेला. खिडकीतून पाहणारा हा कारकून एकटाच. मी त्याच्या साक्षीचा जबाब लिहून सहीसाठी नेला. त्याने तो दोनदा वाचला.

"तो पानी मागून राहिला होता. हे राहिलं," म्हणाला, आणि ती ओळ स्वतःच्या हाताने लिहिली. सही मात्र केली नाही. "मले याच गल्लीत राहाचं आहे गा."

भेकड! प्रकरण तिथेच दाबलं गेलं.

हमालाच्या बायकोने तो बिनसहीचा कागद मागून घेतला. तिला वाचता येत नाही. पाण्याची ओळ कुठली, ते मी तिला बोटाने दाखवलं.