निकालाच्या आठवड्यातली हुपरी

दर निवडणुकीला दिलीपचा फोन यायचा. "कवा येतोस? हितं जत्रा भरल्या आन तू पुण्यात बसून टीव्ही बघतोस व्हय?" कोल्हापूरला हॉस्टेलवर आम्ही तीन वर्षं एका खोलीत काढली. पुढे मी पुण्यात नोकरीला लागलो आणि तो हुपरीला, घरच्या पैंजणांच्या कामात परतला. या ब्लॉगवर त्याच्या गावच्या दोन निवडणुकांबद्दल मी आधी लिहिलंय. दिवसभर एकमेकांच्या नावानं ठणाणा करणारी माणसं संध्याकाळी एकाच गाड्यावर भजी खाताना पाहिली होती, त्याचं मला फार अप्रूप होतं.

यंदा फोन आला नाही. मतदान उरकलं तरी नाही. शेवटी मीच लावला. "निकालाला येऊ का?"

तो म्हणाला, "ये की. यायचं असलं तर ये."

असं तुटक बोलणं दिलीपच्या स्वभावात नाही. मी बॅग भरली.

जाणाऱ्यांसाठी आधी रस्त्याचं सांगतो. स्वारगेटहून सकाळची एसटी धरा आणि घड्याळाकडे बघू नका. महामार्गाचं काम अजून चालू आहे, कराडच्या अलीकडे-पलीकडे वळणरस्त्यांवर तास-दीड तास सहज जातो. शिवाय दिवाळीनंतरचे दिवस म्हणजे उसाचा हंगाम. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरमागे गाडी अडकली की अडकली. मी कोल्हापूरच्या स्टँडवर उतरलो तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते. समोरच्या गल्लीत साधी, स्वच्छ खोली मिळाली. जेवणाचं विचाराल तर मोठ्या पाट्यांच्या हॉटेलांपेक्षा आतल्या गल्लीतल्या खानावळी बऱ्या. भाकरी गरम येते आणि रश्शाला कोणी नाही म्हणत नाही.

संध्याकाळी गंगावेशीत दूधकट्ट्यावर गेलो. म्हशी तिथेच उभ्या असतात, समोर धार काढतात आणि फेसाळ पेला तुमच्या हातात. पेला संपेपर्यंत माणसं उभ्या उभ्या बोलतात. त्या दिवशी हुपरीच्या बाजूनं आलेली चार माणसं होती आणि विषय एकच होता.

"उद्या घासून हाय बगा. हजाराच्या आत सुटतंय."

"येतोय की आपला."

"येऊ दे. पण सभंत बोलला ते जरा जास्तच झालं," पांढरी टोपी घातलेले एक वयस्कर गृहस्थ म्हणाले.

"बोलण्याकडं काय बगायचं, आण्णा? पाणी कुणी आणलं ते बगायचं."

"मी कुटं न्हाय म्हंतोय? मत त्यालाच दिलंय. पटलं न्हाय एवढंच सांगालोय."

मी विचारलं, "सभेत काय बोलला?"

आण्णांनी माझ्याकडे पाहिलं, पेला धुवायला ठेवला आणि म्हणाले, "पावणं दिसताय. जाऊ द्या." आणि गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हुपरीची बस धरली. तासाभराचा रस्ता. हुपरीला पाहण्यासारखं देऊळ वगैरे विचारू नका. इथे घरं पाहायची. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं की चांदीची तार ओढणं चाललेलं असतं, कोणी कड्या वळतं, कोणी घुंगरं भरतं, कोणी उजळा देतं. घरातल्या सगळ्या बाया-माणसांचे हात चालू असतात. ओळखीनं गेलात तर चहाही मिळतो.

दिलीपच्या पुढच्या खोलीत मात्र एकच आवाज होता, कोपऱ्यातल्या टीव्हीचा. मतमोजणी सुरू झाली होती. दिलीप खुर्चीत बसला होता. दाढी वाढलेली. खिडकीखाली यासीनभाईंचा लाकडी पाट होता, समोर शेगडी, पण पाटावर कोणी नव्हतं. पैंजणाच्या कड्या विस्तवावर झाळून एकमेकींत जोडायच्या, ते काम यासीनभाई करायचे. दिलीपचे शाळेपासूनचे दोस्त, आणि तीस वर्षं याच खिडकीखाली बसलेले. मी येईन तेव्हा पहिली हाक त्यांची असायची.

"यासीनभाई कुठायत?"

"लेकीकडं गेलाय. इचलकरंजीला," दिलीप टीव्हीकडे बघत म्हणाला.

आत सुनंदावहिनींनी पोह्याची ताटली हातात दिली आणि हळूच म्हणाल्या, "गेलेत न्हवं भावजी. गाव सोडून कायमचे गेलेत. तुमी तरी बोला ह्यांच्याशी. पंधरा दिस झालं, नीट जेवत न्हाईत."

मग त्यांनी सांगितलं ते असं. मतदानाच्या आधी गावात एका उमेदवाराची मोठी सभा झाली. पाणीयोजना आणणारा हाच उमेदवार, म्हणून दिलीप पहिल्यापासून त्याच्या बाजूचा. पुढच्या रांगेत जाऊन बसला. निम्मं भाषण पाण्याचं नि उसाचं झालं. मग सूर बदलला. त्यांच्या दुकानात पाय ठेवू नका, त्यांना हाताखाली ठेवू नका, गाव आपलं आपण साफ करू. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी त्याचा व्हिडिओ काढला आणि संध्याकाळपर्यंत तो गावातल्या प्रत्येक मोबाइलवर होता. यासीनभाईंच्याही. टाळ्या वाजवणाऱ्यांत तिसऱ्या खुर्चीवर दिलीप स्पष्ट दिसत होता.

"दुसऱ्या दिवशी यासीनभाऊ रोजच्यासारखे आले," वहिनी म्हणाल्या. "दिवसभर काम केलं. हातातल्या सगळ्या जोड्या पुऱ्या केल्या. उठताना तेवढं इचारलं."

पुढचं दिलीपनं मला स्वतः सांगितलं, टीव्हीचा आवाज बारीक करून.

"म्हणाला, दिल्या, टाळी कशाला वाजीवलीस? म्या म्हटलं, अरे, सगळी वाजवत हुती. तर म्हंतो, व्हय, तेच बगितलं. फुंकणी घेतली, चिमटा घेतला आन गेला." त्यानं तळहात गुडघ्यांवर पुसले. "तुला खरं सांगू? सभंत तो काय बोलला ते माझ्या कानावर पडलं, डोक्यात शिरलंच न्हाय. हात आपोआप वाजले."

मला त्याच्यावर रागवायचं होतं. रागवता आलं नाही. सभेत, लग्नाच्या मांडवात, ऑफिसच्या बैठकीत माझे हातही असेच किती वेळा वाजले असतील, ते मी मोजू लागलो होतो.

दुपारपर्यंत आघाडी इकडून तिकडे हलत राहिली. गल्लीत गुलालाची पोती येऊन पडली होती, पण फोडायचं धाडस कोणी करेना. तीनच्या पुढे फेरमोजणी झाली, आणि पाणीवाला उमेदवार अगदी थोडक्यात पडला. जिंकलेलाही काही वेगळ्या मातीचा नव्हता. त्या भाषणावर तो प्रचारभर एक अक्षर बोलला नव्हता. टाळ्या वाजवणाऱ्यांचीही मतं त्याला हवी होती. खालच्या गल्लीत फटाके लागले, वरच्या गल्लीत सामसूम झाली.

दिलीप मात्र उठून उभा राहिला. कितीतरी दिवसांनी असेल, त्याच्या चेहऱ्यावर जरा तरतरी आली. "पडला न्हवं? मिटलं तर मग. चल, यासीनला घिऊन येऊ."

मोटारसायकलवरून रेंदाळमार्गे निघालो. दोन्ही बाजूंना तोडणीला आलेला ऊस, मध्येच मोकळी झालेली रानं. नदी ओलांडली की इचलकरंजी आणि यंत्रमागांची खटखट. यासीनभाईंच्या लेकीचं घर दोन खोल्यांचं. जावयाचे चार माग शेजारच्या शेडमध्ये, त्यामुळे घरात बोलताना आवाज चढवावा लागतो.

दार यासीनभाईंनीच उघडलं. मला पाहून हसले. "या या पावणं! कवा आलासा?" दिलीपलाही म्हणाले, "ये, बस." सतरंजी अंथरली. लेकीला चहा ठेवायला सांगितला. पुण्याचं, माझ्या मुलांचं सगळं विचारलं. दिवसभर जावयाच्या मागावर तुटलेला धागा जोडतो म्हणाले. "हे बी जोडायचंच काम. फकस्त इस्तू न्हाय."

दिलीप चुळबुळत होता. शेवटी म्हणाला, "यासीन, तो पडला बग."

"ऐकलं. किती मतांनी?"

"थोडक्यात."

"म्हंजे निम्म्या गावानं दिली की."

"अरे, लोकांनी पाण्यासाठी दिली. तुझ्यावर कुणाचा काय राग हाय?"

"माझ्यावर न्हाय, ते मला बी ठावं हाय." यासीनभाईंचा आवाज मागांच्या आवाजात कसाबसा ऐकू येत होता. "दिल्या, त्या सभंच्या पुढं चार दिसांनी मतदान झालं. तू कुणाला दिलंस?"

शेडमधले माग चालत राहिले. दिलीप सतरंजीचं सुटलेलं सूत बोटानं ओढत राहिला. त्यानं खोटं सांगितलं असतं तर कोणाला कळणार होतं? पण यासीनभाईंसमोर त्याला खोटं बोलता येत नसावं.

"बरं," यासीनभाई म्हणाले. "च्या घे, गार होतोय."

आम्ही चहा प्यायलो. ते दारापर्यंत आले, माझा हात दोन्ही हातांत धरला, दिलीपच्या खांद्यावर थोपटलं. "गाडी हळू चालव. उसाची वाहनं लाईट लावत न्हाईत." परत यायचा विषय दिलीपनं काढला नाही आणि त्यांनीही काढला नाही. रेंदाळजवळ दिलीपनं गाडी बाजूला घेतली आणि बांधावर बसून लहान पोरासारखा रडला. मी शेजारी उभा होतो.

दुसऱ्या दिवशी पुण्याला परतलो. बायकोनं विचारलं, "कोण आलं निवडून?" मी नाव सांगितलं. त्यापुढे सांगण्यासारखं खूप होतं, ते सांगायला आठवडा लागला.

एरवी अशा प्रवासानंतर मी 'अवश्य जा' असं लिहितो. जाच. हुपरीची माणसं तुम्हाला बसवून घेतील, काम दाखवतील, उपाशी सोडणार नाहीत. हे सगळं खरं आहे. आणि हीच माणसं त्या मैदानातही बसली होती, हेही तितकंच खरं आहे. द्वेष करणारी माणसं वेगळी दिसत असतील असं मला वाटायचं. मला तिथे पाणी आल्याचा आनंद झालेले लोक दिसले, आणि एक माणूस दिसला ज्याला त्या आनंदापायी गाव सोडावं लागलं.

महिनाभरानं दिलीपचा फोन आला. झाळकामाला नवीन माणूस ठेवलाय, बरा हाय, म्हणाला. मग म्हणाला, दर रविवारी इचलकरंजीला जातो.

"काय म्हणतात यासीनभाई?"

"सगळं बोलतो. गुडघं दुखत्यात म्हंतो, नातीची शाळा सांगतो. च्या देतो." मग बारीक आवाजात म्हणाला, "एक शिवी दिली असती रे तर बरं झालं असतं. देत न्हाय."