दोन सुतांची चूक

देवाने ह्यांना हात दिले, नजर दिली, फक्त बसायला बूड द्यायचं तेवढं राहून गेलं, असं त्याची बायको म्हणायची. म्हणायची आणि लगेच वर बघून हात जोडायची, कारण देवाला नावं ठेवायचा तिचा स्वभाव नव्हता. सगळा रस्ता त्याला भिंगरी म्हणायचा. चहा तो उभ्याने प्यायचा. जेवताना हातात घास घेऊन दारापर्यंत जाऊन यायचा. न्हाव्याकडे अर्धी दाढी झालेली असताना बाहेरून गाडीचा आवाज आला, की साबणाच्या गालानेच रस्त्यावर, "ओ, तुमचा सायलेन्सर सुटलाय," म्हणून ओरडायचा आणि पुन्हा खुर्चीत. न्हावी म्हणायचा, "तुझी दाढी करण्यापेक्षा पळत्या कोंबडीची करीन."

काम त्याचं गाड्यांच्या पोटाखालचं. समुद्र जवळ, हवा खारट, त्यामुळे गंजाला तोटा नव्हता. वरून कितीही चकचकीत गाडी येवो, भिंगरी आधी खाली घुसायचा आणि छोट्या हातोडीने पत्रा ठोकत जायचा. चांगला पत्रा टणटण बोलतो. गंजलेला बद्द वाजतो. आणि फारच गेलेला असला तर वाजत नाही, हातोडीच आत जाते. सडका भाग कापायचा, तसाच नवा पत्रा वाकवून बसवायचा, वेल्डिंग करून जोड घासायचा, लाल रंग मारायचा, वरून काळा डांबरी लेप. बहुतेक कामं तळहाताएवढ्या ठिगळांची. ती त्याच्या स्वभावाला मानवायची. हात घातला की संपलं, आणि हा दुसऱ्या गाडीखाली.

वहिनीची गाडी मात्र ठिगळाची राहिली नव्हती.

वहिनी म्हणजे त्याच्या थोरल्या भावाची बायको. शेड भावाने उभी केलेली, काम त्यानेच शिकवलेलं. भाऊ गेला, मुलगा नोकरीसाठी लांबच्या शहरात राहिला, आणि वहिनी आपली पिशवी आणि जुनी गाडी घेऊन टेकडीवरच्या वस्त्यांमधून फिरत राहिली. ती नर्स. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन जखमा धुवायच्या, इंजेक्शनं द्यायची, कुणाची नखंसुद्धा कापायची. तिची वाट बघणारी माणसं होती, आणि त्या वाटेवर बस जात नव्हती.

जुन्या गाड्यांची तपासणी असते. त्या वर्षी गाडी नापास झाली. चालवणाऱ्याच्या बाजूला, दोन चाकांच्या मधे, दाराखाली जो लांब पोकळ पत्रा असतो, तो आतून खलास झाला होता. भिंगरी त्याला उंबरा म्हणायचा. दिसायला पट्टी, पण गाडीचं अर्धं वजन त्याच्यावर तोललेलं असतं. दुरुस्त करून पुन्हा दाखवायला शनिवारची तारीख मिळाली.

मुलाचा फोन आला तेव्हा भिंगरी वहिनीच्या स्वयंपाकघरात खिडकीशी उभा होता, म्हणजे खिडकी ते ओटा अशा फेऱ्या घालत होता. फोनमधला आवाज त्यालाही ऐकू येत होता.

"आई, किती वर्षं ओढणार त्या डब्याला? रस्त्यात मोडली तर त्या टेकडीवर तुला कोण बघणार? या वेळी नापास झाली तर भंगारात दे आणि इकडे ये. खोली तयार आहे तुझी. रविवारी मी येतोच आहे गाडी घेऊन."

"बरं," वहिनी म्हणाली. "नापास झाली तर येईन."

तिने बरं म्हटलं, पण म्हणताना पिशवीचा बंद उगाच सोडत होती आणि बांधत होती.

"वहिनी, जायचंय का तुम्हाला?"

"नातवाला बघायला जायचंय. राहायला नाही."

"मग जाऊ नका."

"मग टेकडीवर काय उडत जाऊ, भाऊजी?"

भिंगरी तिथूनच सुटला, थेट शेडमध्ये. त्याच दुपारी गाडी चार लोखंडी घोड्यांवर चढवली, चाकं अधांतरी.

आता लांब उंबरा कापायचा तर एक रीत असते. आधी दाराच्या चौकटीत आतून लोखंडी नळ्या आवळायच्या, एक आडवी, एक तिरपी, म्हणजे खालचा पत्रा काढला तरी चौकट जागची हलत नाही. भावाने त्यासाठी पेचाच्या दोन नळ्या मुद्दाम बनवल्या होत्या आणि त्या बसवल्याशिवाय त्याने कधी कटर हातात घेतला नाही. भिंगरीला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण नळ्या होत्या शेडच्या मागच्या कोपऱ्यात, जुन्या सायलेन्सरांच्या ढिगाखाली. त्याने दोन सायलेन्सर बाजूला केले, तिसरा अडकला. हात शिवशिवत होते. एवढ्याशा वेळात काय होतंय, असं स्वतःलाच म्हणत त्याने ढीग तसाच टाकला आणि कटर सुरू केला.

गंजाचा भुसा पोतंभर निघाला. नवा पत्रा त्याने असा वाकवला की दृष्ट लागावी. एका दमात वेल्डिंग केलं, घासलं, रंगवलं. दुसऱ्या दिवशी बायको दुपारचा डबा घेऊन आली, तिने वाकून बघितलं.

"देवाने आज बसवलं वाटतं तुम्हाला. केवढं सरळ आलंय."

"आडवं पडून केलंय. बसलो नाही," तो म्हणाला आणि ऐटीत दार लावायला गेला.

दार लागेना.

पुन्हा लावलं. खालून घासून अडकलं. त्याने पट्टी लावून मापलं, मग पुन्हा मापलं. चौकट दोन सूत दबली होती. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, बोटाच्या नखाएवढंसुद्धा नाही. खालचा पत्रा कापल्यावर वरचं वजन हळूच खाली आलं होतं, आणि याने ती दबलेली चौकट तशीच वेल्ड करून कायमची करून टाकली होती.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"काही नाही. रबर नवीन आहे."

बायकोने रबरावरून बोट फिरवलं. रबर जुनंच होतं, ते तिलाही दिसत होतं.

उपाय होता. सोपा होता. कुलूप ज्यात अडकतं तो चौकटीच्या खांबावरचा आकडा दोन सूत सरकवला की दार लागतं, फक्त लावताना जरा वर उचलायचं. तपासणीस खाली हातोडी मारणार, पत्रा टणटणणार, पास. शुक्रवारी दुपारपर्यंत भिंगरीने आकडा सरकवला, बिजागऱ्यांना तेल दिलं, आणि शेडच्या दारापासून रस्त्यापर्यंत फेऱ्या मारत वहिनीची वाट बघत राहिला.

ती फेरीवरून आली, कुणाच्या तरी ट्रकमधून. खांद्याला पिशवी, दुसऱ्या हातात बर्फाचा डबा, त्यात इंजेक्शनं. आधी वाकून उंबरा बघितला.

"सुरेख झालंय, भाऊजी. ह्यांच्या हातचं वाटतंय."

भिंगरी स्वतःच्या नखांकडे बघू लागला.

तिने दार ओढलं. लागलं नाही. पुन्हा ओढलं.

"जरा उचलून लावा वहिनी. नवीन काम आहे, बसेल हळूहळू."

"बसेल म्हणताय तर बसेल." आणि मग तिने काय केलं, तर बर्फाचा डबा खाली ठेवला. पिशवी उतरवली, तीही खाली, तेलकट मातीत. दोन्ही हातांनी दार उचललं आणि लावलं. मग उघडलं, पिशवी आत ठेवली, डबा आत ठेवला, बसली, आतून पुन्हा उचलून ओढलं. तक्रारीचं एक अक्षर नाही. हात हलवून निघून गेली.

भिंगरी हिशेबाचा माणूस नव्हता, पण ते चित्र काही केल्या डोळ्यांपुढून जाईना. दर घरी दोनदा. चिखलात पिशवी. बर्फाचा डबा उन्हात. आणि गुडघे आधीच दुखणारे. तो शेडमध्ये गेला, बाहेर आला, ग्राइंडर चालू केला, बंद केला. शेवटी मागच्या कोपऱ्यात जाऊन सायलेन्सर उपसायला लागला. ढिगाखाली नळ्या होत्या, ग्रीस लावून कापडात गुंडाळलेल्या. भावाने गुंडाळल्या होत्या तशाच.

"सापडल्या?" मागून बायको म्हणाली.

"तुला कसं कळलं मी काय शोधतोय?"

"सकाळपासून तुम्ही त्या कोपऱ्याकडे पाठ करून उभे राहताय. इतका वेळ एका बाजूला तोंड करून तुम्ही लग्नातही उभे राहिला नव्हता."

शनिवारी सकाळी वहिनी तपासणीला निघाली तर हा फाटकात आडवा.

"किल्ली द्या."

"भाऊजी, माझा नंबर जाईल."

"जाऊ दे. गाडी वाकलीय. मी वाकवलीय. भावाच्या नळ्या लावायच्या सोडून आळस केला, आळस म्हणजे घाई. दार बसणार नाही, कधीच बसणार नाही. सगळं पुन्हा कापायला पाहिजे."

वहिनीने दार एकदा उघडलं आणि उचलून लावलं.

"आज पास झाली असती का?"

"झाली असती."

"आणि आता दुसरी तारीख?"

"महिना तरी लागेल."

"उद्या मुलगा येतोय, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे." तो एका पायावरून दुसऱ्या पायावर झाला. "तुम्ही म्हणत असाल तर तशीच न्या. दार लागतंय. पण मग मला बोलवू नका, मी तुम्हाला पिशवी खाली ठेवताना बघू शकत नाही."

तिने मनातल्या मनात काहीतरी म्हटलं, ओठ हलले तेवढे, तिचं सकाळचं नामस्मरण राहिलं असावं. मग किल्ली त्याच्या हातावर ठेवली.

रविवारी मुलगा आला, नव्या गाडीतून, मागची सीट आईच्या सामानासाठी रिकामी ठेवून. शेडमध्ये आईची गाडी घोड्यांवर, उंबरा कापलेला, दाराच्या जागी लोखंडाच्या नळ्या, आणि खालून भिंगरीचे फक्त पाय दिसत होते. तेही स्थिर नव्हते.

"काका, हे काय? काल पास होणार होती ना?"

"चुकलं माझं," पाय म्हणाले.

मुलगा आईकडे वळला. रागावला नव्हता, थकला होता. "आई, आता तरी. तू म्हणाली होतीस."

"काय म्हणाले होते?"

"नापास झाली तर येईन."

"मग नापास कुठे झालीय?" वहिनी म्हणाली. "अजून गेलीच नाही."

गाडीखालून हसण्याचा आवाज आला आणि लगेच दाबला गेला. मुलालाही हसू आवरलं नाही, पण त्याने बोट वर केलं. "एक तारीख. एकच. आणि तोपर्यंत टेकडीवर तू चालत जाणार नाहीस."

"मी नेईन," पाय म्हणाले.

बोलून गेला खरा, पण महिनाभर त्याचा जीव मेटाकुटीला आला. सकाळी नळ्यांचे पेच आवळून चौकटीचे कर्ण मापायचे, दोन्ही सारखे आले की वेल्डिंगचे चार टाके मारायचे, आणि मग थांबायचं. पत्रा तापला की ओढतो, म्हणून निववत निववत पुढे जायचं. त्या वेळात वहिनीला शेडचं सामान वाहायच्या खटाऱ्यातून टेकडीवर न्यायचं. तिथेही थांबायचंच. ती आत जखम धुतेय, हा बाहेर. पहिल्या घरी त्याने फाटकाची बिजागरी सरळ केली. दुसऱ्या घरी गळकी बादली. तिसऱ्या घरच्या म्हातारीने आतून विचारलं, "बाहेर कोण ठोकतंय?" वहिनी म्हणाली, "माझे दीर. त्यांना बसायला येत नाही." पुढच्या आठवड्यात त्या म्हातारीने मोडकी खुर्ची मुद्दाम बाहेर काढून ठेवली होती.

एकदा परत येताना तो म्हणाला, "वहिनी, भाऊ पत्रा निवायची वाट बघायचा तेव्हा काय करायचा?"

"काही नाही. बसून राहायचे. मला वाटायचं, देवाचं नाव घेतात. एकदा विचारलं तर म्हणाले, पत्रा ऐकतोय."

भिंगरीने दुसऱ्या दिवशी प्रयत्न केला. पालथ्या डब्यावर बसला. निवताना पत्रा खरंच बारीक टिकटिकत होता. थोडा वेळ ऐकलं, मग उठून शेड झाडायला घेतली.

नव्या तारखेला तपासणीसाने हातोडी मारत मारत दोन फेऱ्या घातल्या. भिंगरी बाहेरच्या रस्त्यावर किती फेऱ्या घालून आला ते कुणी मोजलं नाही. आतून टणटण ऐकू येत होती. मग ती थांबली, आणि बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. भिंगरी दिव्याच्या खांबाला धरून उभा राहिला, आणि बायकोचा देव आठवेना म्हणून वहिनीचा आठवून पाहिला.

तपासणीसाने गाडी बाहेर आणून उभी केली, मागून वहिनी आली. हातात कागद, खांद्याला पिशवी, दुसऱ्या हातात बर्फाचा डबा, कारण इथूनच तिला टेकडीवर जायचं होतं. पिशवी उतरवली नाही, डबा खाली ठेवला नाही. करंगळीने दार उघडलं, बाहेरच उभी राहून कोपराने ढकललं. खट.

"झालं?" ती म्हणाली. "लेकाला फोन करून सांगते, पास झाली. चला, बसा आता."

भिंगरीने मान वाकडी केली, अजून तो आवाज ऐकत असल्यासारखी.

"वहिनी, एकदा पुन्हा लावा," तो म्हणाला.