कडब्याचं यंत्र घेऊन चिखली-चाकण

खडकी, दापोडी मागे पडली आणि गाडीच्या खिडकीतून पिंपरीचा माळ दिसू लागला. स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली होती. जिथं पूर्वी मी नुसती मेंढरं पाहिली होती, तिथं कारखान्याच्या भिंती उठत होत्या. माझं यंत्र मागच्या मालडब्यात गोणपाटात गुंडाळलेलं होतं. कडबा कापायचं, हातानं फिरवायचं, पहिलाच नमुना. पुण्याच्या आमच्या लहानशा वर्कशॉपात त्यासाठी मी दोन वर्षं घालवली होती. निघताना मालक अण्णांनी बजावलं होतं, "साचे करायच्या आधी गावात जा. वापरणाऱ्यांना एकत्र बसव, विचार. त्यांना नको असेल तर हे काम इथंच थांबलं."

चिंचवडला धोंडिबा नावाचा गाडीवान मिळाला. त्याची बहीण सरूबाई चिखलीत दिलेली, त्यामुळे मुक्कामाचीही सोय झाली. चैत्राचं ऊन चढलेलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारीचे खुंट आणि मळ्यामळ्यांत कडब्याच्या गंजी. त्या पाहून माझी उमेद वाढत होती. सरूबाईंनी भाकरी, पिठलं आणि माडगं (हुलग्याच्या पिठाची पातळ लापशी) वाढलं. मी दोन वाट्या प्यालो.

दुपारी चावडीपुढं पुरुष जमले. मी यंत्र फिरवून दाखवलं. सगळ्यांनी झकास म्हटलं, पान खाल्लं आणि घरी गेले. माझी वही कोरीच राहिली. धोंडिबाला विचारलं तर तो हसून म्हणाला की, इथं कुट्टी (जनावरांसाठी बारीक कापलेला कडबा) बायका करतात, पुरुष काय सांगणार?

दुसऱ्या दिवशी सरूबाईंनी आठ-दहा जणी चिंचेखाली गोळा केल्या. मी पुन्हा उत्साहानं यंत्राचे गुण सांगू लागलो. सगळ्या माना डोलवत राहिल्या. शेवटी सरूबाई बोलल्या.

"भाऊ, तुमीच फिरवताय आन् तुमीच इचारताय कसं हाय. आमाला हात लावू द्या की."

मी ओशाळलो. दांडा त्यांच्या हाती दिला आणि वही घेऊन लांब दगडावर बसलो. मग खरं ते दिसू लागलं. दांडा वर आला की बायकांना टाचा उचलाव्या लागत होत्या. पेंढी सरकवताना बोटं पात्याच्या फार जवळ जात होती. एका तरुण सुनेचा पदर घसरून चाकाकडे ओढला गेला, तेव्हा सरूबाईंनी दांडा घट्ट धरून चाक थांबवलं. वर्कशॉपात आम्ही सगळे धोतर-पायजम्यातले पुरुष, पदर कुणाच्या ध्यानीमनीही नव्हता. मी भराभर लिहीत सुटलो. आता कुणी थांबेना. एकीचं सांगून होतं तोवर दुसरी तिला खोडून काढी.

गावातल्या लोहार-सुतारांना बसवून दोन दिवसांत यंत्राखालचा घोडा (लाकडी तिवई) वीतभर खाली घेतला, पेंढी सरकवायला लांब लाकडी पन्हळ जोडली, चाकावर पत्र्याचं झाकण बसवलं. बायकांनी पुन्हा फिरवून पाहिलं आणि झाकण आणखी पुढं आणायला लावलं.

पुढचा मुक्काम चाकण. सरूबाई आपले कांदे घेऊन तिथल्या बाजाराला निघाल्या होत्या, त्याच गाडीत यंत्र चढवलं. इंद्रायणीच्या उतारावर चाक वाळूत रुतलं, गाडी कलली आणि यंत्र पाण्यात गेलं. मी कमरेइतक्या पाण्यात उभा. धोंडिबा, मी आणि सरूबाईंनी मिळून ते बाहेर ओढलं. झाकण चेपलं होतं. काठावर दगडानं ठोकून सरळ केलं, गोड्या तेलाचा हात दिला. फिरेल याची खात्री नव्हती.

चाकणला कांद्याचे ढीग आणि सुटलेले बैल यांतून वाट काढत आम्ही जागा धरली. गाडीवाले भोवती बसले. या वेळी मी एक शब्द बोललो नाही. एक पागोटेवाले वयस्क शेतकरी म्हणाले की, असली यंत्रं दोन दिवसांत मोडतात. सरूबाईंनी पदर खोचला आणि दांडा फिरवायला घेतला. चाक पहिल्यांदा करकरलं, मग सुरळीत फिरू लागलं. पागोटेवाल्यांची चिलीम पेटायच्या आत पेंढी संपली होती. ते उठले, चिलीम बाजूला ठेवून स्वतः दुसरी पेंढी कापली आणि कुट्टी मुठीत घेऊन निरखली. त्यांच्या बैलानं मधेच तोंड घातलं.

"कुणी केलं ह्ये?" त्यांनी विचारलं.

"आमी," सरूबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे बोट दाखवलं. "लोखंड ह्या भाऊंनी आणलं."

सगळे हसले, मीही. संध्याकाळपर्यंत माझ्या वहीत यंत्र हवं असणाऱ्यांची नावं दोन पानं भरून झाली होती. सगळ्यात वर पागोटेवाले.

पुण्याला परतलो तेव्हा अण्णांनी आधी चुकांचं पान वाचलं, नावांची पानं नंतर. यंत्राच्या जुन्या नकाशाची घडी घालून त्यांनी नवा कागद पसरला. मी पेन्सिल उचलली. पुण्याहून निघताना हे यंत्र एकट्या माझं होतं आणि मनात सारखी धाकधूक होती. आता त्यात आठ-दहा जणींचे हात होते आणि मला कसलीच भीती उरली नव्हती. पहिली रेघ मी बाईच्या खांद्याच्या उंचीवर ओढली.