आईच्या गाडीनं गुलाल खाल्ला

अन्याय माझ्या आईवर झाला. दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी, सकाळी, जोतिबाच्या पार्किंगमध्ये, भाविकांच्या भर गर्दीत.

कसबा बावड्यात आमचं घर. आई जेवणाचे डबे करते आणि स्वतःच्या गाडीतून, स्वतः चालवत पोचवते. गाडी छोटी, जुनी, चढ दिसला की रडणारी. एकदा जोतिबाच्या घाटात तिला चक्क उसाच्या ट्रॅक्टरनं ओव्हरटेक केलं. भरलेल्या! वर ड्रायव्हर वाकून म्हणाला, "मावशी, दोरी बांधू काय?"

हा अपमान मी गिळणार नव्हते. मी मोर्चे काढते, पत्रकं लिहिते. घरी पोचताच मजकूर तयार : 'दुर्बल इंजिनांना न्याय मिळालाच पाहिजे!' (छापलं नाही. आईनं प्रिंटरची वायर डब्यांच्या पिशवीत लपवली.)

न्याय द्यायला मामा धावला. त्याचं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप. कोल्हापुरात घरात लेथ असलेल्या माणसाला जगात काहीच अशक्य वाटत नाही. भंगारात निघालेल्या कुठल्याशा परदेशी गाडीचा सुपरचार्जर त्यानं पैदा केला. म्हणजे इंजिनाच्याच जोरावर, पट्ट्यानं फिरणारा आणि इंजिनाच्या घशात जबरदस्तीनं हवा कोंबणारा पंप!

"आणि इंजिन फुटलं तर?" आईनं विचारलं. "डबं काय तुझ्या डोस्क्यावर न्यायचं?"

"फुटंल कसं आक्का? हवा बेतानंच कोंबायची, तेवढंच पेट्रोल वाढवायचं. पंपाला मोठी पुली लावतो, निवांत फिरंल. आणि पट्टा वेगळा, मुद्दाम हलका. काय अडकलं तर पट्टा तुटंल, इंजिन न्हाय."

"बेतानं का म्हणून?" मी उसळले. "पूर्ण ताकद हा आमचा हक्क आहे!"

"ए पुढारी, तो पाना दे हिकडं."

काम झालं आणि गाडी पालटली! अॅक्सिलेटर दाबला की बारीक शिट्टी वाजायची आणि आई शेजारच्या गल्लीत दिसायची. आता पूजा तर हवीच. रविवारी जोतिबाला जायचं ठरलं.

पूजेला जाणारी वस्तू आधी धुवायची, ही आमच्या घरची पद्धत. खंडेनवमीला मामा लेथ चकचकीत करतो, आई पातेली घासते. मी त्या सकाळी गाडी धुतली. बॉनेट उघडलं तर पंपाला हवा नेणाऱ्या पाइपाच्या तोंडावर मामानं बसवलेला फिल्टर, धुळीनं काळाकुट्ट! देवापुढं हे असलं तोंड न्यायचं? मी तो काढला, साबणात खळखळून धुतला आणि गच्चीवरच्या दोरीला आईच्या परकराशेजारी चिमट्यानं लटकवला. वाळायची वाट बघायला वेळ कुणाला? हवा ती हवा, तिला गाळायचं काय!

घाट आम्ही गाणी म्हणत चढलो. पार्किंगला गाडी लागली, मामा नारळ आणायला गेला आणि शिट्टीच्या आवाजानं माणसं जमली.

"पावणं, आवाज कसला ओ ह्यो?"

चार माणसं जमली की माझा घसा आपोआप मोकळा होतो. मी बॉनेट उघडलं. "बंधूंनो आणि भगिनींनो! ज्या इंजिनाचा आजवर श्वास कोंडला होता... आय, रेस दे!"

आईनं रेस दिली. शिट्टी घुमली.

"नवीन मशीन हाय व्हय?" फेटेवाले एक आजोबा कळवळले. "मग असं कोरडं कसं ठेवलंय?" आणि त्यांनी मूठभर गुलाल-खोबरं उधळलं.

पाइपानं ते सुर्रकन् ओढून घेतलं!

"घेतला! गुलाल घेतला की!"

"आरं, मागतंय बघ अजून!"

मग काय! चहूबाजूंनी मुठी सुटल्या. एकानं तर अख्खी पुडी रिकामी केली. सायलेन्सरमधून गुलाबी धूर निघाला. एका आजींनी सायलेन्सरला हात जोडले. "चांगभलं!"चा असा गजर झाला की माझं भाषण त्यात वाहून गेलं. आणि तेवढ्यात... कडाड्! शिट्टी बंद. इंजिन बंद. आई स्टिअरिंगमागं, नखशिखांत गुलाबी.

"निषेध!" मी टपावर हात आपटला. "बेजबाबदार भाविकांवर कारवाई झालीच..."

मामा नारळ घेऊन पोचला. आत वाकून बघितलं. "फिल्टर कुठं हाय?"

"वाळत घातलाय."

"काय घातलायस?"

"वाळत. धुतला नव्हं मी!"

"धुतलाय म्हणं!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं आणि सगळं पार्किंग खिदळलं. सायलेन्सरला हात जोडणाऱ्या आजीसुद्धा!

आईला मात्र एकच चिंता होती. "उद्याचं डबं?"

मामानं पंपातून खोबऱ्याचा तुकडा उपसला, तुटलेला पट्टा दाखवला, पाइप झटकले आणि पंपाला वळसा घालून हवा थेट इंजिनाला जोडली. "मार चावी, आक्का."

सगळं पार्किंग पुढं वाकलं. गाडी खोकली, एक गुलाबी शिंक दिली आणि चालू झाली! टाळ्या, शिट्ट्या, पुन्हा चांगभलं! "बघ," मामा फुगला, "पट्टा मेला, इंजिन जित्तं!" सोमवारी डबे वेळेवर पोचले. पंधरवड्यात पंपही परत बसला.

पण अन्याय तो अन्याय, आणि गुन्हेगार मोकाट आहे! म्हणून वाचकहो, तुमच्याकडे थेट मागणी : कोल्हापुरात कुठंही उघडं बॉनेट आणि त्याशेजारी भाषण ठोकणारी मुलगी दिसली, तर भाषण ऐकत थांबू नका. आधी बॉनेट लावा, मग तिला तिथून हाकला. नाव विचारायची गरज नाही, मीच असणार!