निळ्या पट्ट्याची बोट

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मुलीलाही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल.

आमच्या मंडळात क्रूझला कुणी निघालं की मला विचारतं. रिटायर झाल्यावर बायकोने, सुधाने, आणि मी सिडनीहून किती बोटी केल्या! कुठल्या केबिनमध्ये इंजिनाची घरघर येते, कुठे शाकाहारी म्हटलं की रोज उकडलेलं गाजर, कुठल्या कंपनीचे वेटर नाव लक्षात ठेवतात—सगळं मला तोंडपाठ. अशा तुलनेत एक मोठेपणा असतो. तो मला आवडायचा.

मागे स्कोफिल्ड्स उपनगरातल्या निखिलचा फोन आला. "काका, आईबाबा येतायत, कुठली बुक करू?" म्हटलं, "कुठलीही कर, निळ्या पट्ट्याची नको. घाण बोट. तिच्यावरच सुधाला कोविड झाला." तो गप्प झाला. सगळेच होतात. त्या गप्प होण्याचा—खरं सांगू?—मला आधार वाटत आला आहे.

कोविड नुकता येऊ लागला होता, बोटी अजून सुटत होत्या. आमची तेवढी एकच कंपनी करायची राहिली होती. निघायच्या आदल्या दिवशी मला खोकला सुरू झाला—कोरडा, खोल. सुधाला कळू नये म्हणून मी बाथरूममध्ये नळ सोडून खोकलो.

बंदरावरच्या रांगेत मी दाढेखाली लवंग धरली. कीर्तनात ढास लागू नये म्हणून आमच्याकडे धरतात, तशी. सुधाला वास आला. "लवंग? इथे कुणाला पापी द्यायचीय?" म्हणून हसली. पुढे मास्क लावलेल्या मुलीने विचारलं, ताप, खोकला? मी 'नो' म्हणालो. 'नो वरीज' म्हणत तिने आम्हाला आत सोडलं.

बोटीवर मी सगळ्यांवर नजर ठेवून होतो. बुफेचा डाव कुणी धरला, लिफ्टमध्ये कोण शिंकलं. आमच्या टेबलावरची एक म्हातारी ऑस्ट्रेलियन बाई दोनदा खोकली, तर वेटरला सांगून मी तिला दुसरीकडे बसवायला लावलं. जाताना ती 'सॉरी' म्हणाली. "किती संशयी रे तू!" सुधा चिडली. माझ्या तोंडात तेव्हाही लवंग होती.

त्या बाईचं पुढे काय झालं? मी कधी शोधलं नाही.

घरी परतल्यावर आठवडाभरात सुधाला ताप आला. हॉस्पिटलने मला आत सोडलं नाही. शेवटचं पाहिलं ते नर्सने धरलेल्या फोनवर. माझा खोकला तोवर थांबला होता, म्हणून माझी टेस्ट कुणी केलीच नाही.

तो खोकला तोच होता का? आता कळणार नाही. बंदरावर 'हो' म्हणालो असतो तर आम्ही दोघं ट्रेनने घरी आलो असतो—एवढं कळतं.

निळ्या पट्ट्याची बोट घाण नव्हती. तिथली माणसं सारखी कठडे पुसत असायची. दुसऱ्या दिवशी डेकवर चहा पिताना सुधा म्हणाली होती, आपण केलेल्या सगळ्यांत हीच चांगली.

मीही हो म्हणालो होतो.