इटलीची लाल वाईन आणि तिचं नाक

जावई कंपनीच्या कामाने दरवर्षी इटलीला जातो. येताना लाल वाईनची एक बाटली आणतो, दरवर्षी तीच. पहिल्याच वेळी त्याने सांगून टाकलं, "मामाजी, भारीतली नाही बरं. तिकडे साधी माणसं रोज जेवताना हीच घेतात." मी म्हटलं, मग आपल्याले बरोबर आहे.

बायको दारूला शिवत नसे. आमचं घर बौद्ध. विहारात पंचशील मीही म्हणतो, पण पाचव्या शीलापाशी, दारूचं येतं तिथे, माझा आवाज खाली जातो. तिचा कधी गेला नाही. तरी त्या दिवशी तिने माझ्या हातातला ग्लास घेतला अन् नाकाशी धरला.

"वास घ्याले काय मनाई हाय?" म्हणाली. मग डोळे मिटून, "जांभूळ. झाडाखाली पडलेलं, उन्हात तापलेलं."

मी प्यायलो. मला नुसतं आंबट लागलं. दुसऱ्या घोटाला मात्र जांभूळ लागलं.

तेव्हापासून रीतच पडली. आधी ती वास घेणार, सांगणार, मग मी पिणार. एकदा मनुका म्हणाली, एकदा ओलं लाकूड. ती म्हणेल ते मला लागायचं.

एका वर्षी जावई भर मे महिन्यात आला. आमचा फ्रिज बंद. मी बाटली कूलरच्या टाकीत बुडवून ठेवली. दुपारी कूलर कोरडी गरम हवा फेकू लागला. बाटलीवरचा कागद सुटून पंपात अडकला होता. बायको घामाने निथळत ओरडली, "अवो, तुमच्या इटलीनं जीव घेतला माझा!" जावई पंप खोलून बसला होता अन् हसून राहिला होता. संध्याकाळी ग्लास नाकाशी नेऊन ती म्हणाली, "आज कूलरचाच वास येते, प्या आता."

मागच्या वर्षी ती आजारी पडली, औषधांनी तिचं नाक गेलं, वासच येईना. ग्लास धरला, पुन्हा धरला, मग माझ्याकडे दिला.

"काही येत नाही वो. आता तुम्ही सांगा."

मी प्यायलो. "आंबट हाय."

"बस? इतकंच?"

"आणखी काय सांगू वं?"

ती भिंतीकडे तोंड करून पडली. रागावली नव्हती, थकली होती. पुढचा पावसाळा तिने पाहिला नाही.

यंदा जावई आला, पण बाटली पिशवीतून काढेना. मीच म्हटलं, काढा. मला पाहायचं होतं, तिच्याशिवाय आपल्याला काही कळते का. ग्लासात नाक घालून लई वेळ बसलो. दारूचा वास आला. घोट तोंडात धरून ठेवला, येईल काही म्हणून. काही आलं नाही. गिळला.

"मामीजी असत्या तर म्हणाल्या असत्या..." जावई बोलू लागला.

"तिचं तुम्ही नका सांगू, जवाईबापू."

तो हळूच म्हणाला, "तुम्हाला कशी लागली?"

"काहीच नाही लागली. खोटं कायले सांगू?" मी बूच लावून बाटली त्याच्यापुढे सरकवली. "पुढच्या वेळी आणू नका. मले नुसतं पिता येते."

ग्लासात उरलेली टाकवली नाही. पाणी प्यावं तशी पिऊन टाकली.