यादीतली नववी ओळ

नोव्हेंबर १९९७, दुसरा शनिवार. मिरजगावची आमची शाळा, वरची खोली. हजर: मुख्याध्यापक, केडगावहून आलेले साळवे, आणि मी.

त्या दिवसाचं पुढचं मी कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगते आहे, तर क्रमानेच सांगते — क्रम सुटला की मी पळवाट शोधते, हे मला माहीत आहे.

साळवे मूळचे रेडिओ दुरुस्तीवाले. दुकानात रेडिओ येईनासे झाले तेव्हा चाळिशी उलटल्यावर ते संगणक शिकले. आमच्या शाळेत संगणक एकच, आणि त्याचा मदरबोर्ड गेलेला. नवा बोर्ड त्यांनी एसटीत खोकं मांडीवर धरून आणला. हे काम जमलं तर मुख्याध्यापक तालुक्यातल्या इतर शाळांना त्यांचं नाव सुचवणार होते. साळव्यांचं सगळं त्यावर होतं.

मी यादी केली होती. चौदा ओळी, पुढे ‘कोणी केले’ असा रकाना. एकेक काम झालं की मी ‘साळवे’ लिहायची. ते हसायचे. “मॅडम, तुमच्या यादीत न्हाई ते जगात झालंच न्हाई, व्हय ना?”

नववी ओळ — वीजपुरवठ्याचे दोन प्लग. तेव्हा ते दोन्ही सारखेच दिसायचे आणि बोर्डावर शेजारी शेजारी बसायचे. दोन्हींच्या काळ्या तारा मधोमध, एकमेकींना लागून यायला हव्यात. उलटे बसले तर बोर्ड जळतो. मला हे ठाऊक होतं का? नव्हतं. पण विचारायला काय झालं होतं?

मुख्याध्यापक मधे खाली गेले होते; तिथून त्यांनी हाक मारली — माइक खरखरतोय, जरा बघता का. “एवढे दोन प्लग ऱ्हाऊ द्या, आलोच,” म्हणून साळवे गेले. दहाव्या ओळीपासून पुढचं त्यांनी आधीच उरकलं होतं. मधे फक्त नववी ओळ मोकळी. मला मोकळी ओळ बघवत नाही. मी प्लग दाबून बसवले.

साळवे परतले ते माइकबद्दल बोलतच. प्लग जागेवर दिसले, त्यांनी बटण दाबलं. पंखा फिरला नाही. पडदा काळाच. मग वास आला — जळक्या प्लास्टिकचा, हलकाच.

अर्धा तास ते शोधत राहिले. मेमरीची पट्टी काढून बसवली. कार्ड काढून बसवलं. भिंतीतला सॉकेट तपासला. तेव्हा तरी मी बोलायचं होतं — नाही? मी बॅटरी धरून उभी होते. तिच्याच उजेडात त्यांना दिसलं: काळ्या तारा दोन टोकांना.

मुख्याध्यापक दारात येऊन थांबले होते. साळव्यांनी हळूच विचारलं, “मॅडम, ह्ये दोन मीच लावले हुते का? यादीत बघा बरं.”

रकाना मोकळा होता. पेन हातात होतं. मी मान खाली घातली, लिहिलं, आणि लिहिलेलं वाचून दाखवलं — “नऊ. साळवे.”

का? कारणं माझ्याकडे आहेत, तीही ओळीने. ती इथे लिहीत नाही.

साळव्यांनी आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं. “मंग माझंच चुकलं. तुमची यादी खोटं बोलायची न्हाई.”

“रेडिओवाले ते रेडिओवालेच,” मुख्याध्यापक म्हणाले. इतर शाळांनाही त्यांनी तेवढंच सांगितलं.

दोन वर्षांनी साळवे नगरच्या स्टँडवर भेटले. हल्ली पंख्यांचं वाइंडिंग करत होते. “कॉम्प्युटर सोडला, मॅडम. हातानं काय केलं तेच ध्यानात ऱ्हात न्हाई, तर दुसऱ्याच्या मशिनीला हात कसा लावू? तुमी तर बघितलंच हाय.” मग म्हणाले, “पण त्या दिवशी तुमी एका शब्दानं टाकून बोलला न्हाई. लई उपकार.”

मी म्हणाले, माझी गाडी सुटतेय. गाडीला अजून वीस मिनिटं होती.

तो कागद फायलीत आहे. चौदा नावं एकाच शाईत. नवव्या ओळीतलं अक्षर तेवढं घाईचं. साळवे अजून केडगावलाच राहतात. दर वर्षाच्या सुरुवातीला मी कामांची यादी करते, आणि पहिली ओळ गेली कित्येक वर्षं तीच उतरवून घेते — ‘केडगाव, साळवे, कागद दाखवणे.’ यंदाही उतरवली आहे. पुढचा रकाना मोकळा आहे.